धामणखेड रोडची हाक

सोनमला पहिल्यांदा बघायला आले ते साल १९९८. चैत्र संपत आला होता. पाहुणे लांबचे नव्हते, आमच्याच धामणखेड रोडचे, दोन चाळी सोडून राहणारे. मुलगा सोनमला ओळखत होता, सोनम मुलाला ओळखत होती. तरी पोहे झाले, सतरंजी अंथरली गेली, सोनमला साडी नेसवून बसवलं. पाहुणे मात्र मागच्या दारानं आले आणि पोह्यांना कोणी हात लावला नाही. जाताना मुलाच्या आईनं भिंतीकडे बघत सांगितलं, "पोरगी चांगली आहे. पण या घरावरची बंदी उठल्याशिवाय आम्हाला काही करता यायचं नाही. बंदी दत्तारामाच्या हातात आहे, आणि दत्ताराम अबूधाबीला आहे."

 पोहे गार झाल्यावर सोनमच्या आईनं, मुक्ताबाईनं, ते सुदेशला दिले. सुदेश सोनमचा मोठा भाऊ, चोविसाव्या वर्षात. घरात कमावतं दुसरं कोणी नव्हतं आणि तोही बाजारातल्या वखारीत लाकडं फोडत होता.

धामणखेड रोड हे खरं गाव नव्हे, रेल्वेचं स्टेशन. खरं धामणखेड चार कोस आत आहे. इंजिनांना पाणी लागत होतं, नदी इथं होती, म्हणून साहेबाच्या काळात इथं पाण्याची टाकी उभी राहिली. टाकीमागून इंजिनांची शेड आली, शेडमागून माणसं आली. माणसं दहा मुलखांतली होती. कोण कुठल्या गावचा, कोण कोणत्या घरचा, हे एका पिढीत पुसलं गेलं आणि नवी उतरंड बसली. वर ड्रायव्हर, खाली फायरमन, त्याखाली फिटर, सगळ्यांत खाली खलाशी, म्हणजे शेडमधला मदतनीस. ड्रायव्हरच्या क्वार्टरला दोन खोल्या आणि अंगण, खलाशाला एक खोली आणि सामाईक नळ. शेडच्या भोंग्यावर बायका भात उतरवत. लग्नाचा मुहूर्त मेलच्या वेळेवर आला तर मुहूर्तच पुढं ढकलत, कारण अर्धं वऱ्हाड ड्युटीवर असायचं.

शेडमध्ये एक हाक होती. इंजिनाखाली पिटात, म्हणजे रुळांमधल्या खड्ड्यात, माणसं काम करत, बॉयलरच्या पोटात शिरून खपली खरवडत. इंजिन हलवायच्या आधी, आगीला काडी लावायच्या आधी, मुकादम एकेकाचं नाव घेई. ज्याचं नाव येई तो बाहेर उभा राहून म्हणे, "वर." सगळे "वर" झाले की मुकादम हात करी आणि मगच चाक हले. कागद नाही, पाटी नाही. आमच्या शेडमध्ये पिटात कधी माणूस चिरडला नाही, हे लोक अजून सांगतात.

मग १९७४चा संप आला. मे महिना होता. देशभर गाड्या थांबल्या, आमच्या शेडमधली आग विझली. सुदेशचा बाप रामेश्वर बॉयलर धुणारा खलाशी होता आणि संपात होता. मुक्ताबाई रेल्वेच्या दवाखान्यात अडली होती, पोर आडवं आलं होतं. दवाखान्यातून सांगणं आलं की संपवाल्याची बायको आजच्या आज हलवा, नाहीतर नवऱ्यानं कामावर यावं. हलवून न्यायचं कुठं, तर बैलगाडीतून तालुक्याला. रामेश्वर दुपारी तारेखालून शेडमध्ये शिरला आणि पोलिसांच्या पहाऱ्यात त्यानं एक इंजिन पेटवलं. वाफ धरल्यावर इंजिनाची शिट्टी वाजली. ती साऱ्या कॉलनीनं ऐकली. त्या संध्याकाळी सुदेश जन्मला. त्यानंतर संप मोडेपर्यंत शिट्टी रोज वाजत राहिली.

दत्तारामाचा थोरला भाऊ महादू फायरमन होता. तो तुरुंगात गेला, नोकरीवरून निघाला आणि त्याला परत घेतलं नाही. दोन वर्षांनी तो मालगाडीपुढं आडवा झाला. कॉलनीनं ठरवलं की महादूला रामेश्वरानं मारलं.

तेव्हापासून रामेश्वराच्या घराशी बोलणं बंद. नळावर मुक्ताबाईची कळशी दिसली की बायका आपल्या कळशा उचलून बाजूला उभ्या राहत. रेल्वेच्या क्लबात, इन्स्टिट्यूटमध्ये, रविवारी सिनेमा लागे, तिथं हे घर ज्या बाकावर बसे त्याचा पुढचा-मागचा बाक रिकामा. शाळेत सुदेश पाटीवर लिहून दाखवी आणि मास्तर दुसऱ्याच पोराला सांगत, "त्याचं बरोबर आहे म्हणावं." रामेश्वर मेला तेव्हा खांदा द्यायला चार माणसं मिळाली नाहीत. स्टेशनातली सामानाची हातगाडी मागून आणली आणि त्यावरून त्याला नेला. हातगाडीचं एक चाक कुरकुरत होतं. पोरं घराघरांतून ते ऐकून हसली.

वाफेची इंजिनं संपली, १९९२ साली शेडला कुलूप लागलं. दत्ताराम तोवर मुकादम झाला होता. तो मुसफ्फ्याला गेला, अबूधाबीच्या बाहेरच्या कारखान्यांच्या वस्तीत. तिथं एका वर्कशॉपमध्ये तेलाच्या टँकरच्या टाक्या दुरुस्तीला येत. टाकीत शिरायचं, गाळ काढायचा, गंज खरवडायचा, मग झाकण आवळून आत वाफ सोडायची, म्हणजे उरलेलं तेल सुटून वेल्डिंगला टाकी मोकळी. हे काम करायला कोणी धजत नसे. दत्तारामाला ते घरचंच वाटलं. त्यानं एकेक करून शेडची माणसं नेली. कॅम्पातल्या एका खोलीत धामणखेड रोड पुन्हा वसलं. ड्रायव्हरच्या पोराला खालचा पलंग, खलाशाच्या पोराला वरचा. चहा त्याच क्रमानं. दसऱ्याला हातोड्या-छिन्न्यांची पूजा आणि जमिनीवर पंगत. आणि टाकीपाशी तीच हाक.

वर्कशॉपचे इंजिनिअर गुणवंतसाहेब पुण्याचे होते. पाहुणे आले की ते मुद्दाम थांबवून हाक ऐकवत. "बघा, ही रेल्वेची डिसिप्लिन. सेफ्टी ऑफिसरची गरज नाही मला."

सोनमला बघून गेले त्याच उन्हाळ्यात दत्ताराम सुट्टीवर आला. मुक्ताबाई त्याच्या ओट्याशी जाऊन उभी राहिली. दत्ताराम न्हाव्याकडून दाढी करून घेत होता.

"कोणी आलंय का?" त्यानं न्हाव्याला विचारलं.

"मुक्ताबाई आली आहे."

"काय म्हणते?"

"तू ऐकतोच आहेस की."

"मी कुठं ऐकतोय? तू ऐक आणि मला सांग."

मुक्ताबाईनं न्हाव्याला सांगितलं, न्हाव्यानं दत्तारामाला सांगितलं. पोरीचं लग्न अडलंय. जो दोष तो मेलेल्याचा. घर पायावर घालायला तयार आहे.

दत्तारामानं गालावरचा फेस पुसला. "न्हावीबुवा, तिला म्हणावं, तुझ्या नवऱ्यानं शिट्टी वाजवली आणि गावानं ऐकून घेतली. आता पोरानं गप्प बसावं आणि गावानं ते बघावं. माझ्याबरोबर मुसफ्फ्याला येऊ दे. या दसऱ्यापासून पुढच्या दसऱ्यापर्यंत आमच्या माणसांशी एक शब्द बोलायचा नाही. बाहेरच्यांशी काय बडबडायचं ते बडबडो. वर्ष निभावलं की पंगतीत त्याचं पान वाढू, बंदी खलास. मध्ये तोंड उघडलं तर पुन्हा पहिल्यापासून."

"आणि त्यांनी बोलवलं तर?" मुक्ताबाईनं न्हाव्याला विचारलं.

"कोण बोलवणार आहे त्याला?" दत्ताराम न्हाव्याला म्हणाला.

सोनमला बघायला आलेल्या मुलाचा मोठा भाऊ विष्णू दत्तारामाचा उजवा हात होता. त्यानंही घरी कळवलं की दत्तारामतात्या म्हणतात तसं झालं तर आपली ना नाही. सुदेश गेला.

तो अंगानं किरकोळ होता. टाकीच्या आत आडवे पत्रे असतात, तेल हिंदकळू नये म्हणून. प्रत्येक पत्र्याला माणूस जेमतेम सरपटेल एवढं भोक. शेवटच्या कप्प्यात जायला इतरांचे खांदे घासत, सुदेश सहज जाई. म्हणून शेवटचा कप्पा त्याचा झाला. त्याला कोणी काम सांगत नसे. दत्ताराम विष्णूला मोठ्यानं सांगे, "शेवटच्या कप्प्यात उजवीकडं गंज राहिलाय," आणि सुदेश आत जाई.

हाकेत त्याचं नाव नव्हतं. ज्याच्याशी बोलायचं नाही त्याचं नाव तोंडानं कसं घ्यायचं? आणि नाव घेतलं तरी त्यानं "वर" म्हणायचं कसं? मग अशी पद्धत पडली की इतरांची चाहूल कमी झाली की सुदेश आपणहून बाहेर येई आणि पाण्याच्या पिंपाशी, दत्तारामाला दिसेल असा, उभा राही. दत्ताराम एकवार बघे, बाकीच्यांची नावं घेई, आणि शेवटी "खलास" म्हणे. पलीकडे बॉयलरवर मुलतानचा शौकत होता. "खलास" ऐकलं की तो व्हॉल्व्ह उघडी.

त्याच्याशी बोलायला बंदी होती, त्याच्याविषयी बोलायला नव्हती. खोलीतली करमणूकच ती झाली.

"माझ्या भावाला मेहुणा मिळतोय म्हणे," विष्णू जेवताना म्हणे. "मुका आहे. बरंच आहे. मानपानावरून भांडणार नाही."

"मानपान कसला? बापाची हातगाडी देतील हुंड्यात."

"चाकाला तेल घालून द्या म्हणावं."

सुदेश ताटात बघून जेवत राही. कधी त्याची चप्पल पाण्याच्या टाकीवर सापडे, कधी त्याच्या डब्यात नुसतं मीठ. एकदा एकानं मुक्ताबाईविषयी असं काही म्हटलं की बाकीचेही क्षणभर खाली बघू लागले. सुदेशनं दातांत टॉवेल धरला. दत्ताराम शेजारच्या पलंगावरून बघत होता. थोड्या वेळानं तो समाधानानं कुशीवर वळला.

बोलायला शौकत होता. दुपारी बॉयलरच्या सावलीत दोघं रोटी खात.

"तेरे गाव में जेल नहीं है क्या?" शौकत विचारी. "अपना आदमी खुद ही बंद करते हो, खुद ही पहरा देते हो. सरकार का कितना खर्चा बचता है."

"अक्टूबर तक है," सुदेश म्हणे. "फिर बहन की शादी. तुझे कार्ड भेजूँगा."

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तो बूथवर फोनचं कार्ड घालून धामणखेड रोडच्या स्टेशनबाहेरच्या टपरीवर फोन लावी. बाहेरगावचा टपरीवाला मुक्ताबाईला बोलावून आणी. मुक्ताबाई म्हणे, "आवाज बसलाय तुझा." तो म्हणे, "इथं एसी असतो ना, त्यानं."

दसरा जवळ येत होता. १९९९चा सप्टेंबर संपत आला होता. धामणखेड रोडला मुलाच्या आईनं मुक्ताबाईच्या दारावरून जाताना, कोणालाच उद्देशून नाही असं, "हॉल दिवाळीनंतरचा बघावा लागेल," असं म्हटलं होतं. ते फोनवरून सुदेशपर्यंत पोचलं होतं.

त्या दिवशी एका टाकीच्या पत्र्याला आतून तडा आहे का यावरून वाद झाला. गिऱ्हाईक तीनला येणार होतं. दत्ताराम स्वतः आत शिरला. मुकादम झाल्यापासून तो क्वचितच आत जाई. दुसऱ्या पत्र्यामागं बसून तो हातोडीनं ठोकून बघू लागला, कानांत कापडाचे बोळे घालून. शेजारी ग्राइंडर चालू होता. बाकीचे काम आटपून बाहेर आले. सुदेश शेवटच्या कप्प्यातून येताना दत्तारामाला ओलांडून बाहेर आला आणि पिंपाशी उभा राहिला.

गुणवंतसाहेब मोबाइल कानाला लावून आले. "विष्णू, यल्ला, चला, क्लोज करा. क्लायंट निघालाय. स्टीम द्या लवकर."

दत्ताराम दिसत नव्हता, कुठंतरी गेला असेल असं सगळ्यांनी धरलं; मुकादम नसला की हाक विष्णूनं मारायची. सात वर्षं त्यानं ती दत्तारामाच्या तोंडून ऐकली होती. त्याच चालीत, त्याच क्रमानं त्यानं नावं घेतली. प्रत्येक नावाला "वर" आलं. दत्ताराम कधी स्वतःचं नाव घेत नसे, म्हणून ते विष्णूच्या तोंडी आलं नाही. सगळी नावं झाली होती. एक नाव कमी आहे असं कोणालाही वाटलं नाही. दोघांनी झाकण ओढलं. बोल्ट आवळले जाऊ लागले.

सुदेशनं इकडेतिकडे पाहिलं. शौकत ग्राइंडरच्या पलीकडं, त्याला हाक ऐकू गेली नसती. गुणवंतसाहेब पाठ करून फोनवर होते. त्यानं हातानं टाकीकडे खूण केली. कोणी बघितलं नाही. त्याच्याकडे न बघण्याची सगळ्यांना सवय झाली होती. तो पुढं होऊन विष्णूच्या समोर उभा राहिला. विष्णूनं मान फिरवली आणि तोंड उघडलं, "ख..."

"तात्या आत आहेत," सुदेश म्हणाला.

आवाज फाटका निघाला. कोणी हललं नाही. बोल्ट आवळणारा एकजण हसला. "ऐकलं का? फुटलं तोंड. दसरा तोंडावर आणि..."

"तात्या आत आहेत," सुदेश पुन्हा म्हणाला आणि त्यानं विष्णूचं मनगट धरलं.

विष्णूनं आधी मनगट सोडवून घेतलं. मग त्यानं माणसांवरून नजर फिरवली, आणि त्याचा चेहरा उतरला.

झाकण काढलं. दत्ताराम वर आला, कानांतले बोळे काढले आणि विचारलं, "झाकण कोणी लावलं रे?"

त्याला सगळं सांगितलं गेलं. तो पिंपाशी जाऊन तोंड धुऊन आला. सुदेश तिथंच होता. दत्तारामानं त्याच्या अंगावरून हात लांब करून पिंपातलं पाणी घेतलं.

संध्याकाळी खोलीत सगळे बसले होते. सुदेश वरच्या पलंगावर होता. एकजण म्हणाला, "तात्या, आता दसऱ्याची वाट कशाला? जीव वाचवला त्यानं."

"कोणाचा?"

"तुमचा."

"मग मला ठाऊक आहे." दत्तारामानं चहा संपवला. "ड्रायव्हरनं लाल सिग्नल ओलांडला आणि त्यानं कोणाचा जीव वाचला, तरी ड्रायव्हर सस्पेंड होतो. होतो की नाही?"

 बसलेल्यांत दोघे ड्रायव्हरांची पोरं होती.

"होतो," शेवटी त्यातला एक म्हणाला.

"मी वाचलो म्हणून महादू उठून येत नाही. बोललाय तो. पहिल्यापासून."

"तात्या, सोनमचं..." विष्णू म्हणाला.

"तुझा भाऊ म्हातारा झालाय का? थांबेल वर्षभर."

विष्णूनं मान हलवली. "पुढच्या दसऱ्यापर्यंत थांबेल. त्यापुढं आईला मी सांगू शकणार नाही."

हे तो पलंगाच्या पायाशी बघून बोलला.  सुदेशचं दुसरं वर्ष सुरू झालं होतं.

शौकतला कळलं तेव्हा तो म्हणाला, "फुजैरा चल. बंदर पर मेरा भाई है, टैंक का ही काम है. इन लोगों की शकल भी मत देख."

"बहन की शादी?"

"बहन की शादी दूसरी जगह नहीं होती?"

"कहाँ होगी?" सुदेश म्हणाला. "बाहेरवाला पहले गाव में पूछने आता है. गाव में किससे पूछेगा? कोई बोलता ही नहीं हमारे बारे में."

शुक्रवारी त्यानं आईला फोन केला.

"पुढच्या दसऱ्याला," तो म्हणाला.

"पुढच्या? का? काय केलंस?"

"बोललो."

"कोणाशी?"

"एकाला हाक मारली."

 मुक्ताबाई म्हणाली, "पंधरा-वीस दिवस राहिले होते रे. बापावर गेलास. त्यालाही गप्प बसवत नव्हतं." आणि तिनं फोन टपरीवाल्याच्या हातात दिला.

मुसफ्फ्यात त्या दिवसानंतर एक सुधारणा झाली. विष्णूनं हाकेत दत्तारामाचं नाव घातलं. दत्ताराम स्वतः हाक मारी तेव्हाही शेवटी आपलंच नाव घेई आणि आपणच "वर" म्हणे. पहिले काही दिवस माणसं हसली, मग सवय झाली. विष्णूनं एकदा विचारलं होतं, "तात्या, आता घेतोच आहोत तर त्याचंही घ्यायचं का? उत्तर नको देऊ दे, नुसता हात वर करू दे."

"नाव घेतलं की बंदी कसली?" दत्ताराम म्हणाला. "मला दिसतो तो. मी बघतो रोज."

आणि तो खरंच रोज बघे. त्या बाबतीत त्यानं कधी कसूर केली नाही.

दुसरं वर्ष पहिल्यापेक्षा शांत गेलं. चेष्टा कमी झाल्या, कारण आता तो बोलणार नाही हे सगळ्यांना कळलं होतं. शौकतशीही तो कमी बोलू लागला. फोनवर मुक्ताबाईच बोले, तो "हं" म्हणे. ऑगस्ट लागला. सावलीतसुद्धा लोखंडाला हात लावायची सोय नव्हती. टाकीत माणसं पाळीपाळीनं जात, बाहेर येऊन डोक्यावर पाणी ओतून घेत, पुन्हा जात.

त्या आठवड्यात काम वाढलं म्हणून गुणवंतसाहेबांनी दुसऱ्या कंपनीकडून दोन नेपाळी हेल्पर मागवले. त्यांनाही तेच निळे डांगरी कपडे मिळाले. दोघांनी उन्हासाठी तोंडाला फडकं गुंडाळलेलं. त्यांतला एक अंगानं किरकोळ होता. कोणी त्याला काही सांगितलं नाही, तहान लागली म्हणून तो पिंपाशी जाऊन उभा राहिला.

सुदेश शेवटच्या कप्प्यात होता. बाकीचे एकमेकांना "चला रे" म्हणत बाहेर आले. दत्तारामानं पिंपाकडे पाहिलं. निळे कपडे, किरकोळ अंग, गुंडाळलेलं तोंड. त्यानं नावं घेतली. "वर. वर. वर." शेवटी आपलं नाव घेतलं आणि आपणच "वर" म्हटलं. झाकण बसलं, बोल्ट आवळले.

"खलास."

शौकतनं व्हॉल्व्ह उघडला.

थोड्या वेळानं टाकीतून ठोके येऊ लागले. लोखंडात वाफ शिरली की पत्रा ताणतो आणि टणटण वाजतो. बॉयलरवर जन्म घालवलेल्या माणसांना तो आवाज पाळण्यापासून माहीत. आमच्याकडे त्याला "पत्रा बोलतोय" म्हणतात. नवा माणूस दचकला की जुने हसत. शौकत त्यांच्याइतका जुना नव्हता.

"दत्ताराम, ये आवाज सुन."

"पत्रा बोलता है."

"रोज ऐसा नहीं बोलता."

"हमको सिखाएगा?" दत्ताराम म्हणाला. "हमारे बाप ने बॉयलर धोया, हमने धोया. तू व्हॉल्व्ह देख."

माणसं हसली. विष्णूनं टाकीला हात लावल्यासारखं करून चटका बसल्याचा अभिनय केला. ठोके आणखी काही वेळ आले. मग थांबले.

"बघ," दत्ताराम म्हणाला, "तापला. आता गप्प."

जेवायला सगळे वर्कशॉपच्या छपराखाली बसले. नेपाळी पोरानं पाणी प्यायला तोंडावरचं फडकं सोडलं. दत्तारामाच्या हातात घास होता. त्यानं तो चेहरा पाहिला, मग रांगेतले सगळे चेहरे पाहिले. घास त्यानं डब्यात परत ठेवला.

"विष्णू," तो म्हणाला, "वाफ बंद कर."

झाकण उघडायला वेळ लागला, बोल्ट हाताला धरवत नव्हते. आतली वाफ निघून गेल्यावर विष्णूनं मॅनहोलवर वाकून आत पाहिलं. शेवटच्या कप्प्यात असायला हवा होता तो माणूस झाकणाखालीच होता. तिन्ही भोकांतून सरपटत तो तिथवर आला होता. हातोडी हातात होती.

विष्णूनं त्याचं नाव घेतलं. दोनदा घेतलं.

"आता कशाला?" दत्ताराम म्हणाला आणि त्यानं विष्णूला खांद्याला धरून मागं ओढलं.

पोलिस आले, विचारपूस झाली. गुणवंतसाहेबांनी सांगितलं की आमच्याकडे कडक पद्धत आहे, प्रत्येकाचं नाव घेतल्याशिवाय टाकी बंद होत नाही, हा माणूस कोणाला न सांगता आत गेला असावा. पोलिसांनी माणसांना विचारलं, नाव घेतलं होतं का? माणसं म्हणाली, सगळ्यांची नावं घेतली होती. शौकतलाही विचारलं. त्यानं ठोक्यांचं सांगितलं. बाकीच्यांनी सांगितलं की पत्रा तसा वाजतोच. महिन्याच्या आत शौकत फुजैऱ्याला निघून गेला.

पेटी धामणखेड रोडला आली तेव्हा दत्तारामाचा टपरीवर फोन आला होता. बंदी उठली, असं त्यानं सांगितलं होतं. दसरा यायचा होता, पण त्यानं तेवढी सूट दिली होती. सगळी कॉलनी मुक्ताबाईच्या दारात जमली. खांद्याला चारच्या जागी चाळीस माणसं पुढं झाली, पाळ्या लावाव्या लागल्या. बायका मुक्ताबाईच्या गळ्यात पडून रडल्या. त्यांतल्या पुष्कळ जणींचा आवाज मुक्ताबाई इतक्या जवळून पहिल्यांदाच ऐकत होती.

तेराव्यानंतर विष्णूची आई पुढच्या दारानं आली, पाटावर बसली आणि दिलेला चहा प्यायली. म्हणाली, "मुक्ताताई, घरात असं झालं की कार्य वर्षाच्या आत उरकावं लागतं, नाहीतर तीन वर्षं थांबा. आमची तयारी आहे." सोनम आत चुलीपाशी होती. मुक्ताबाईनं आत जाऊन तिला विचारलं नाही. ती बाहेरच म्हणाली, "उरकून टाकू."

लग्न मार्गशीर्षात झालं, इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये. विष्णू आणि दत्ताराम रजा काढून आले. दत्तारामानं नवऱ्याला घड्याळ आणलं होतं, सोनमला सोन्याची रिंग. जेवणाच्या पंगतीत पहिलं पान त्याचं होतं. वाढायला मुक्ताबाई स्वतः फिरत होती. ती त्याच्यापुढं आली तेव्हा त्यानं वर बघून म्हटलं, "पुरे मुक्ताबाई, किती वाढता." चोवीस वर्षांत तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला. तिनं आणखी एक जिलबी त्याच्या पानात टाकली आणि पुढं गेली.

सुदेश रामेश्वर तायडे बुधवारी, ९ ऑगस्ट २००० रोजी, दुपारी मुसफ्फ्यात वारला. तो सव्वीस वर्षांचा होता.